फोटो काढून झालेल्या चेकचा कागद: सांगलीतल्या एका घराचं प्रकरण

१,१४० डॉलरचा एक चेक दोनदा वटला. पहिल्यांदा अमेरिकेत, मोबाइलच्या ॲपमधून फोटो काढून. दुसऱ्यांदा सांगलीत, बँकेच्या काउंटरवर स्लिप भरून. चेक खरा होता, मागची सही खरी होती, आणि भरणाऱ्या दोघांपैकी कुणाच्याही मनात लबाडी नव्हती. तरीही पुढे पैसे परत गेले, वर खर्च बसला, आणि परदेशात नोकरी करणाऱ्या मुलाला जुन्या घरमालकाकडे लेखी खुलासा पाठवावा लागला.

बँकेच्या नोकरीत असताना माझी बरीच वर्षं क्लिअरिंगच्या, म्हणजे चेक वटवण्याच्या, टेबलावर गेली. निवृत्तीनंतरही ओळखीची माणसं बँकेचे कागद घेऊन घरी येतात, तसं हे प्रकरण आलं. घरच्यांना विचारून लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि कुठल्याही बँकेचं नाव दिलेलं नाही. सांगली-मिरजेत आता प्रत्येक गल्लीत कुणाचा तरी मुलगा, कुणाची तरी सून अमेरिकेत आहे. त्यांच्या बॅगांमधून असे कागद इथल्या कपाटांत येत राहणार, म्हणून हे सविस्तर मांडायला हवं असं मला वाटतं.

चेक सांगलीत कसा आला

मुलगा वालचंद कॉलेजमधून इंजिनिअर झाला, एमएसला गेला, तिकडेच नोकरीला लागला. जून २०२३ मध्ये नोकरीमुळे त्यानं शहर बदललं. आधीचं घर एका कंपनीच्या मालकीचं होतं. साफसफाईचे पैसे कापून उरलेलं डिपॉझिट त्या कंपनीनं चेकनं पाठवलं. ज्या देशात सगळं कार्डावर चालतं असं आपण समजतो, तिथं घराचं डिपॉझिट, विम्याचा परतावा, एखाद्या कंपनीकडची शिल्लक या गोष्टी अजूनही बऱ्याचदा टपालानं चेक होऊनच येतात.

मुलानं तिथले सगळे करतात तेच केलं. बँकेचं ॲप उघडलं, खातं निवडलं, रक्कम टाकली. गडद रंगाच्या टेबलावर चेक सपाट ठेवून चारही कोपरे दिसतील असा पुढचा फोटो काढला. चेक उलटा करून मागे सही केली, मागचा फोटो काढला आणि पाठवला. चेकच्या खालच्या पट्टीतले आकडे ॲपनं स्वतःच वाचले. संध्याकाळपर्यंत चेक स्वीकारल्याचा निरोप आला, पुढच्या एक-दोन दिवसांत पैसे वापरायला मोकळे झाले. निरोपाच्या खाली बारीक अक्षरांत सूचना होती: चेक काही दिवस जपून ठेवा, नंतर नष्ट करा.

त्यानं चेक जपून ठेवला. फायलीत. त्या फायलीत भाडेकरार होता, कराचे कागद होते, पदवीची मूळ प्रमाणपत्रं होती. नोव्हेंबरात दिवाळीला घरी आला तेव्हा ती फाइल त्यानं सोबत आणली आणि "बाबा, ही नीट ठेवा" म्हणून वडिलांकडे देऊन परत गेला.

वडील हायस्कूलचे निवृत्त शिक्षक. त्यांना सगळे सर म्हणतात, मीही म्हणतो. त्यांचं घर गावभागात आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा त्यांच्या तळमजल्यावरचं कपाट पाण्यात गेलं. सर्व्हिस बुकाच्या नकला, पावत्या, मुलांच्या शाळेचे दाखले, सगळ्याचा लगदा झाला. तेव्हापासून घरात आलेला प्रत्येक कागद ते तपासतात, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालतात, वहीत नोंद करतात आणि माळ्यावर ठेवतात. पुरातून गेलेल्या सांगलीतल्या बऱ्याच घरांना ही सवय लागली आहे. मुलाची फाइल हाती आल्यावर सरांनी तीही अशीच एकेक कागद काढून पाहिली, आणि त्यात हा चेक निघाला.

सरांनी त्यावर काय पाहिलं? मुलाचं नाव. रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत. जूनमधली तारीख. मागे मुलाची सही. आणि पुढच्या बाजूला छापलेलं एक वाक्य: १८० दिवसांनंतर हा चेक रद्द समजावा. दिवाळी होऊन गेली होती. म्हणजे हातात जेमतेम दोन-तीन आठवडे होते.

चेक वटल्याची एकही खूण त्या कागदावर नव्हती. शिक्का नाही, रेघ नाही, भोक नाही.

सकाळचे अकरा वाजले होते. तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली. सरांनी मुलाला व्हॉट्सॲपवर लिहिलं, "तुझा एक चेक फायलीत राहिलाय. मुदत संपत आलीय. बँकेत भरतो." मुलानं उठल्या उठल्या ते पाहिलं. इथल्या विम्याचा किंवा म्युच्युअल फंडाचा एखादा चेक असेल असं त्याला वाटलं. त्यानं अंगठा दाखवला आणि कामाला लागला.

काउंटरवर

मुलाचं इथं एनआरओ खातं (परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं इथलं रुपयातलं खातं) आहे, वडील त्यात दुसरे धारक. सरांनी शाखेत जाऊन चेक दाखवला. परदेशी चेक आता सगळ्या शाखा घेत नाहीत. या शाखेनं तो कलेक्शनला, म्हणजे चेक देणाऱ्याच्या बँकेकडून पैसे वसूल करायला, पाठवायची तयारी दाखवली. अधिकाऱ्यानं नाव खात्याशी जुळवलं, तारीख पाहिली, मागची सही पाहिली, फॉर्म भरून घेतला, वटणावळ आणि कुरिअरचा खर्च सांगितला, काही आठवडे लागतील हेही सांगितलं. त्यांच्या बाजूनं यात काही चुकलं असं मला वाटत नाही. चेकच्या मागे आधीच सही होती, त्यामुळे उलट काम सोपं झालं.

चेक सांगलीहून बँकेच्या मुंबईच्या परकीय चलन विभागात गेला, तिथून त्यांच्या अमेरिकेतल्या सहयोगी बँकेकडे. त्या बँकेनं तो घरमालक कंपनीच्या बँकेसमोर मांडला आणि तो वटला. जानेवारीत एनआरओ खात्यात नव्वद हजारांच्या वर रक्कम जमा झाली. एसएमएस सरांच्या मोबाइलवर आला. त्यांनी वहीत नोंद केली आणि विषय मिटला असं धरलं.

फेब्रुवारीत घरमालक कंपनीच्या हिशेबात एकाच नंबरचा चेक दोनदा खर्ची पडलेला दिसला. कंपनीनं आपल्या बँकेला कळवलं आणि मुलाला ई-मेल केला: तुम्ही आमचा चेक दोन वेळा भरला आहे, खुलासा करा. मुलाला काही उमगेना. त्यानं आपलं अमेरिकेतलं खातं तपासलं, तर तिथं जूनमधली एकच जमा. व्हिसावर राहणाऱ्या मुलाला असा ई-मेल आला की काय काय विचार येतात, ते त्या घरानं त्या आठवड्यात भोगलं. मार्चमध्ये सांगलीच्या खात्यातून पूर्ण रक्कम वजा झाली तेव्हा उलगडा झाला.

सर कागद घेऊन माझ्याकडे आले ते याच वेळी. पहिला प्रश्न त्यांनी असा विचारला: "साहेब, चेक माझ्या हातात होता. हातात आहे म्हणजे वटलेला नाही. मग मी चुकलो कुठं?"

सरांचा हिशेब बरोबर होता, पण आपल्या देशापुरता

सर तसे चुकले नव्हते. भारतात चेकबद्दल आयुष्यभर जे शिकायला मिळतं, त्याच्या आधारानं त्यांनी अगदी योग्य निष्कर्ष काढला होता.

आपल्याकडेही चेकचा कागद आता गावोगाव फिरत नाही. चेक ट्रंकेशन सिस्टिम, म्हणजे सीटीएस, फेब्रुवारी २००८ मध्ये दिल्लीत सुरू झाली, नंतर चेन्नई आणि मुंबईत आली. आज सांगलीच्या शाखेत भरलेला चेक स्कॅन होतो आणि प्रवास करते ती फक्त प्रतिमा आणि चेकवरची माहिती, डिजिटल सहीसकट. तंत्र म्हणून पाहिलं तर मुलानं मोबाइलवर केलं तेच आपली शाखा स्कॅनरवर करते.

फरक कागदाच्या ठिकाणी आहे. आपल्याकडे प्रतिमा निघते ती बँकेत, आणि कागद बँकेतच राहतो. चेक ज्या बँकेत भरला तिनं तो दहा वर्षं जपायचा असतो. ग्राहकाच्या हातात उरते ती स्लिपची काउंटरफॉईल. चेक परत हातात येतो तो न वटता मेमोसह आला तरच, आणि मग तो पुन्हा भरताही येतो. म्हणून इथल्या माणसासाठी हातातला चेक हा नेहमीच जिवंत चेक असतो. या समजुतीत भोळेपणा नाही. आपली सगळी व्यवस्था त्याच पायावर उभी आहे.

कायदाही त्याच दिशेनं बोलतो. १८८१ च्या पराक्राम्य संलेख अधिनियमात २००२ साली दुरुस्ती झाली आणि चेकच्या इलेक्ट्रॉनिक प्रतिमेला जागा मिळाली. त्याच वेळी कलम १३१ मध्ये एक स्पष्टीकरण घातलं गेलं: जी बँक आपल्याकडे ठेवलेल्या चेकच्या प्रतिमेवर पैसे वसूल करते, तिनं चेक सकृद्दर्शनी खरा आहे का, त्यात वरवर दिसणारी खाडाखोड किंवा बनवाबनवी आहे का, हे वाजवी काळजी घेऊन पाहायचं. 'आपल्याकडे ठेवलेल्या' हे शब्द इथं महत्त्वाचे आहेत. कागद बँकेकडे आहे हे तिथं गृहीतच धरलेलं आहे. सीटीएस-२०१० या ठरलेल्या नमुन्याच्या चेकवर जे सुरक्षेचे उपाय असतात, उजेडात धरल्यावर दिसणारा 'सीटीएस-इंडिया' हा वॉटरमार्क किंवा अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली उमटणारं बँकेचं चिन्ह, तेही प्रत्यक्ष कागद हातात घेणाऱ्या माणसासाठीच आहेत. मोबाइलच्या साध्या कॅमेऱ्याला ते चिन्ह दिसणार नाही. भारतात घरबसल्या फोटो काढून चेक भरण्याची पद्धत रुजली नाही, यामागे मला हे मोठं कारण दिसतं.

इथं आणखी एक गोष्ट सांगतो, कारण तिच्यामुळे गोंधळ होताना मी पाहिलं आहे. आपल्या बँकांच्या ॲपमध्ये 'चेक' या भागात गेलं की नंबर, तारीख, रक्कम, कुणाला दिला असे रकाने येतात, काही ठिकाणी चेकचा फोटोही मागतात. ते चेक भरण्यासाठी नसतं. ती पॉझिटिव्ह पे आहे. १ जानेवारी २०२१ पासून ५० हजार आणि त्यावरच्या चेकसाठी ही सोय आहे, आणि ती वापरायची चेक देणाऱ्यानं: मी अमक्याला इतक्याचा चेक दिला आहे, तो आला की या माहितीशी ताडून पाहा, असं आपल्या बँकेला कळवण्यासाठी. चेक घेणाऱ्यानं शाखेत किंवा चेकच्या पेटीत कागद टाकावाच लागतो.

अमेरिकेत कागद तुमच्याकडे का राहतो

अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ नंतर काही दिवस विमानं जमिनीवर होती. चेकचे गठ्ठे तेव्हा विमानानं देशभर फिरत, ते जागच्या जागी अडकले. कागद हलवण्यावरचं अवलंबन किती मोठं आहे हे त्यातून दिसलं. ऑक्टोबर २००३ मध्ये 'चेक २१' नावाचा कायदा झाला आणि २८ ऑक्टोबर २००४ पासून लागू झाला. मूळ चेक वाटेत थांबवून त्याच्या प्रतिमेवर काम चालवायचं, आणि कुणाला कागदच हवा असेल तर त्या प्रतिमेची ठरावीक नमुन्यातली छापील प्रत द्यायची. तिला मूळ चेकइतकीच कायदेशीर किंमत. मूळ कागदाची गरज संपल्यावर फोटो बँकेतच काढला पाहिजे असं उरलं नाही. आधी दुकानांत आणि कार्यालयांत स्कॅनर आले. २००९ मध्ये यूएसएए या संस्थेनं आयफोनवरून चेक भरायची सोय दिली आणि नंतर बाकीच्या बँका त्या वाटेनं गेल्या.

सोय मोठी आहे, यात वाद नाही. जवळची शाखा तासाभराच्या अंतरावर असलेल्या माणसाला ती किती उपयोगाची, हे तिथं राहिलेली मुलं सांगतात. पण या सोयीबरोबर बँकेच्या टेबलावरची काही कामं न सांगता ग्राहकाच्या अंगावर आली. सही कुठे आणि कोणत्या शब्दांसह करायची, पैसे पक्के होईपर्यंत कागद सांभाळायचा, तो पुन्हा कुणाच्या हाती लागू द्यायचा नाही, आणि वेळ आली की फाडून टाकायचा. पूर्वी ही कारकुनाची कामं होती. कारकुनाला त्यांचं शिक्षण मिळायचं, वर पाहणारा अधिकारी असायचा, रजिस्टर असायचं. ग्राहकाला एक ओळ मिळते, तीही पैसे जमा झाल्याच्या आनंदाच्या निरोपाखाली.

या प्रकरणाबद्दल माझं मत यावरच उभं आहे. मुलानं फोटो काढला तेव्हा चेक भरून झाला असं तो समजला. पैशांपुरतं ते खरं होतं. कागदाचं काम तिथं अर्धं राहिलं होतं.

मागच्या बाजूला न लिहिलेले शब्द

सगळ्यात जास्त वेळ मी चेकच्या मागच्या बाजूच्या प्रतिमेवर घालवला. तिथं फक्त सही होती.

अमेरिकेतल्या बँका मोबाइलवरून भरायच्या चेकच्या मागे सहीबरोबर एक ओळ लिहायला सांगतात: फक्त मोबाइल जमेसाठी. काही बँका त्यात स्वतःचं नावही घालायला लावतात. मुलाच्या ॲपनं ही सूचना दिली होती, पण ओळ न लिहिताही फोटो स्वीकारला गेला. बरेचजण ती ओळ म्हणजे औपचारिकता समजतात. ती तशी नाही.

अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा 'रेग्युलेशन सीसी' नावाचा नियम आहे. १ जुलै २०१८ पासून त्यात नेमक्या अशाच प्रसंगाची तरतूद आली. एकाच चेकचा फोटो एका बँकेनं घेतला आणि मूळ कागद दुसऱ्या बँकेनं प्रामाणिकपणे घेतला, आणि चेक आधीच वटलेला असल्यामुळे त्या दुसऱ्या बँकेला नुकसान झालं, तर ते फोटो घेणाऱ्या बँकेनं भरून द्यायचं. कारण कागद ग्राहकाच्या हातात मोकळा ठेवायचा धोका तिनं पत्करलेला असतो. पण कागदाच्या मागे 'फक्त मोबाइल जमेसाठी' अशी मर्यादा लिहिलेली असेल, आणि ती वाचूनही किंवा न वाचता दुसऱ्या बँकेनं तो कागद घेतला असेल, तर तिला ही भरपाई मागता येत नाही. त्या तीन शब्दांवर हजारो डॉलरची जबाबदारी या बँकेची की त्या बँकेची हे ठरतं.

आपल्या प्रकरणात हा दावा कुणी लढवला नाही. दोन्ही टोकांना एकच घर होतं. कुठल्याही बँकेनं भरलं असतं तरी ती पुढे याच कुटुंबाकडे वसुलीला आली असती. पण ते शब्द असते तर सांगलीतच गाडी थांबली असती. मी त्या शाखेतल्या अधिकाऱ्यांना भेटून विचारलं. ते म्हणाले, "मागे असं काही लिहिलेलं असतं तर मी सरांना दोन मिनिटं बसवून मुलाला विचारायला सांगितलं असतं." मला ते पटतं. कोरी सही ही पुढची वाट मोकळी असल्याची खूण असते. माझ्याही टेबलावर तसा चेक आला असता तर मी तो घेतला असता.

आता १८० दिवसांच्या मुदतीबद्दल, कारण सरांची घाई तिच्यामुळेच झाली. आपल्याकडे १ एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत तीन महिने आहे, आणि ती उलटली की चेक परत येतो. अमेरिकेत सहा महिन्यांपेक्षा जुना चेक वटवायला बँक बांधील नसते, पण प्रामाणिक हेतूनं ती तो वटवूही शकते. आणि मुदत गेली म्हणून देणं बुडत नाही; कंपनीला सांगून नवा चेक मागता येतो. म्हणजे सर चार दिवस थांबले असते तरी काही बिघडलं नसतं. पण चेकवर तशी ओळ छापलेली असताना थांबा, असं शिक्षकाच्या शिस्तीत वाढलेल्या माणसाला कोण सांगणार? मी सरांच्या जागी असतो तर मीही त्याच दिवशी बँकेत गेलो असतो.

निस्तरलं कसं

पहिलं काम मुलाचं होतं. त्याच्या ॲपमध्ये जूनची जमा, तारीख आणि चेकची दोन्ही बाजूंची प्रतिमा अजून दिसत होती. ती त्यानं उतरवून घेतली. सांगलीच्या शाखेकडून आम्ही तीन कागद घेतले: चेक कलेक्शनला घेतल्याची पावती, जानेवारीच्या जमेची नोंद आणि मार्चच्या वजावटीची सूचना. हे सगळं जोडून मुलानं घरमालक कंपनीला पानभर पत्र लिहिलं. कोणत्या तारखेला काय झालं, दुसऱ्यांदा चेक कुणी आणि का भरला, आणि ती रक्कम परत गेल्याचा पुरावा. माफीची लांबण मी लावू दिली नाही. अशा पत्रात तारखा, रकमा आणि कागद बोलतात. हेतू चांगला होता हे त्यातूनच कळतं. आठवड्याभरात कंपनीचं उत्तर आलं: रक्कम परत मिळाली, आमच्याकडून विषय बंद. आपल्या अमेरिकेतल्या बँकेलाही मुलानं स्वतःहून कळवलं, म्हणजे उद्या तिकडून कुणी विचारलं तर नोंद असावी.

पैशाचा हिशेब असा लागला. डॉलर जमा होताना बँकेनं खरेदीचा दर लावला, परत जाताना विक्रीचा. दोन दरांतला फरक खातेदाराच्या अंगावर. त्यात कलेक्शनची वटणावळ, कुरिअर आणि परत आल्याचा आकार. सगळं मिळून तीन हजारांच्या आत. आम्ही अर्ज केल्यावर परत आल्याचा आकार शाखेनं माफ केला; दरातला फरक माफ करणं शाखेच्या हातात नव्हतं.

एक गोष्ट मात्र मला त्या दिवशी चांगलीच खटकली. वजावटीच्या सूचनेबरोबर अमेरिकेतून चेकची छापील प्रत आली होती. ती 'चेक २१' खालची प्रत होती आणि तिच्यावर इंग्रजीत छापलं होतं: ही तुमच्या चेकची कायदेशीर प्रत आहे, मूळ चेक जसा वापरला असता तशीच ती वापरता येईल. कायद्यानं ते वाक्य छापणं बंधनकारक आहे आणि त्याचा अर्थ तिथल्या बँकांना नीट कळतो. पण सरांच्या वहीत ती प्रतही प्लॅस्टिकच्या पाकिटात गेली होती, नंबर घालून. पाच वर्षांनी ती कुणाच्या हाती आली असती तर? त्या कागदावर लाल शाईत आडवी रेघ मारून 'वटला, रक्कम परत, हिशेब पूर्ण' असं लिहिलं, तारीख घातली आणि मगच पाकिटात ठेवायला दिली. सरांनी आपल्या वहीतली नोंदही तशी दुरुस्त केली.

इथून पुढे

मुलांना सांगायचं ते थोडं आहे, पण ते बॅग भरण्याआधी सांगायला हवं. ॲपवर चेक भरताना मागे सहीबरोबर 'फक्त मोबाइल जमेसाठी' ही ओळ आणि बँकेचं नाव लिहा. पैसे खात्यात पक्के दिसले की त्याच वेळी चेकच्या पुढच्या बाजूवर जाड पेनानं 'मोबाइलवर जमा' आणि तारीख घाला. किती दिवस ठेवायचा ते तुमच्या बँकेच्या अटींत असतं, कुठे पाच दिवस, कुठे दोन आठवडे, कुठे महिना. तो दिवस मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका आणि त्या दिवशी फाडा. तिकडच्या काही बँका देशाबाहेरून फोटो काढून चेक भरू देत नाहीत, तेव्हा 'घरी गेल्यावर भरू' असा विचार करून चेक बॅगेत ठेवू नका.

आई-वडिलांसाठी एकच विचारणा पुरेशी आहे. परदेशी चेक सापडला आणि त्याच्या मागे सही असली, तर ती सही का आणि कधी केली हे मुलाला फोन करून विचारा. व्हॉट्सॲपवर विचारायचं असेल तर चेकच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठवून विचारा. त्या सकाळी सरांनी फोटो पाठवला असता तर मुलानं अंगठ्याऐवजी फोन केला असता.

ॲप बनवणाऱ्यांकडे माझी खरी मागणी आहे. आज ते चेक जमा झाल्याचा निरोप देतात आणि थांबतात. ठरलेली मुदत संपल्यावर 'आता चेक फाडा आणि इथं खूण करा' असा दुसरा निरोप आणि एक बटण द्यायला त्यांना काय अडचण आहे? कागद ग्राहकाकडे ठेवायचा निर्णय बँकेचा आहे. मग त्या कागदाचा शेवट होईपर्यंत सोबत करणंही तिचंच काम आहे.

हा प्रश्न हळूहळू लहान होत जाईल असं दिसतं. अमेरिकी सरकारनं मार्च २०२५ च्या आदेशानं आपले कागदी चेक त्याच वर्षाच्या ३० सप्टेंबरपासून बंद करायला घेतले आहेत, त्यामुळे कराचा परतावा आता सहसा थेट खात्यात येईल. घरमालक आणि विमा कंपन्यांचे चेक मात्र चालूच आहेत. आपल्याकडे ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर जसे येतील तसे स्कॅन होऊन पुढे जातात आणि बहुतेक त्याच दिवशी निकाल लागतो. ग्राहकाच्या हातात कागद न ठेवता वेग आला आहे, आणि मला ही वाट जास्त सुरक्षित वाटते.

त्या शाखेनं परदेशी चेकच्या फॉर्मबरोबर आता एक साधी चिठ्ठी जोडायला सुरुवात केली आहे. तिच्यावर चेक आणणाऱ्यानं सहीनिशी लिहून द्यायचं असतं की हा चेक याआधी मोबाइलवरून किंवा अन्य कुठल्याही प्रकारे भरलेला नाही, आणि हे ज्याच्या नावाचा चेक आहे त्याला विचारून सांगत आहे.